इलेक्ट्रिक टूथब्रश कोणता घ्यावा? आधी हेडचा हिशेब करा

मुलुंडच्या एका ताईंनी विचारलंय: घरात चौघं. सासूबाई ७१ वर्षांच्या, बोटांत संधिवात. नवऱ्याच्या हिरड्यांतून अधूनमधून रक्त येतं आणि साधा ब्रश तो दोन महिन्यांत पार पिंजून टाकतो. मुलगी ८ वर्षांची, दात घासायचा कंटाळा. ऑनलाइन बघावं तर हजाराच्या आतल्यापासून वीस हजारांपर्यंत इलेक्ट्रिक ब्रश दिसतात. कोणता घ्यायचा? गोल डोक्याचा की सॉनिक? आणि नणंद दिवाळीला न्यू जर्सीहून येतेय, तिच्याकडूनच मागवला तर?

घाईत असाल तर एवढंच वाचा. दाब जास्त झाला की सांगणारा सेन्सर, दोन मिनिटांचा टायमर आणि सहज मिळणारी हेड (म्हणजे बदलायची ब्रिसल्सची डोकी), या तीन गोष्टी असलेला मधल्या किमतीचा चार्जिंगवाला ब्रश घ्या. न्यू जर्सीहून मागवू नका. वेळ असेल तर पुढचं वाचा, कारण चौघांची गरज वेगवेगळी आहे आणि एकच ब्रश सगळ्यांना चालेल असं नाही.

हिरड्यांचे पेशंट बघणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे एक गोष्ट आधीच सांगून टाकते. साध्या ब्रशनेही दात उत्तम राहतात. मऊ ब्रिसल्स, हलका हात आणि दोन मिनिटांचा धीर असलेल्या माणसाला इलेक्ट्रिक ब्रश घ्याच असं मी सांगत नाही. पण हे तिन्ही एकाच माणसात फार क्वचित सापडतं. २०१४ साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने साधा विरुद्ध इलेक्ट्रिक अशा ५६ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. तीन महिन्यांहून जास्त काळ वापरल्यावर इलेक्ट्रिकवाल्यांच्या दातांवरचा प्लाक (म्हणजे जंतूंचा चिकट थर) २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी भरली. पहिल्या एक ते तीन महिन्यांत हेच आकडे ११ आणि ६ होते. म्हणजे फायदा आहे, पण तो प्लाक आणि सूज यांच्यापुरता मोजलेला आहे. ब्रश बदलला म्हणून दात पडायचे थांबतील असं त्यात कुठे म्हटलेलं नाही.

हा फायदा येतो कुठून, हे दवाखान्यात रंग लावल्यावर दिसतं. प्लाक रंगवणारं एक औषध असतं. ते दातांवर फिरवून चूळ भरायला लावली की जिथे थर उरलाय तिथे गडद गुलाबी डाग उठतात. पेशंटच्या हातात आरसा दिला की चेहरा बघण्यासारखा होतो, कारण समोरून दिसणारे दात बहुतेकांचे चकचकीत असतात. रंग उठतो तो खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला, शेवटच्या दाढेच्या मागच्या अंगाला आणि हिरडीला लागून असलेल्या दोन मिलिमीटरच्या पट्टीत. उजव्या हाताने घासणाऱ्यांची उजवी बाजू बरेचदा जास्त रंगते, कारण तिथे मनगट नीट वळत नाही. इलेक्ट्रिक ब्रशमध्ये घासायची हालचाल मशीन करतं. आपण फक्त हेड योग्य जागी नेऊन धरायचं. म्हणजे अर्धं काम कमी. उरलेलं अर्धं, म्हणजे त्या जागी पोचणं, तुमच्याकडेच राहतं, आणि वीस हजारांचा ब्रशही ते करून देत नाही.

आता गोल की सॉनिक. गोल हेडवाल्यांत एक छोटं वाटोळं डोकं पुढे-मागे अर्धवट गिरक्या घेतं. ओरल-बीचे बहुतेक ब्रश या जातीचे. सॉनिकमध्ये हेड साध्या ब्रशसारखं लांबट असतं आणि जागच्या जागी खूप वेगाने थरथरतं. फिलिप्सचा सॉनिकेअर आणि आपल्याकडे मिळणारे बहुतेक भारतीय ब्रँड, म्हणजे ॲगारो, ओराक्युरा, परफोरा वगैरे, या जातीचे. दोन्ही पद्धती १९९०च्या आगेमागे बाजारात आल्या. जास्त अभ्यास गोल हेडवर झालाय आणि प्लाक काढण्यात ते किंचित पुढे दिसतं, पण तो फरक इतका लहान आहे की त्यावरून दुकानात भांडण करू नये. निवड सवयीवरून करा. ज्याला एकेका दातावर थांबत जायला जमेल त्याला गोल. ज्याचा हात साध्या ब्रशच्या ढंगात बसलाय त्याला सॉनिक सोपा जातो. ज्याला थरथर सहन होत नाही, दातांत गुदगुल्या होतात, त्याने दोन्हींपैकी ज्याला ‘सेन्सिटिव्ह’ मोड आहे तो घ्यावा. आठवडाभरात सवय होते.

सॉनिक म्हणजे ध्वनिलहरींनी दात धुतले जातात, असा एक समज आहे. तसं काही नाही. मिनिटाला ३१,००० झटके, म्हणजे सेकंदाला साधारण २६० वेळा हेड जाऊन परत येतं आणि ही कंपनं कानाला ऐकू येणाऱ्या पट्टीत मोडतात, एवढाच त्याचा ध्वनीशी संबंध. थर निघतो तो ब्रिसल्स टेकून. पाण्याच्या उसळीने ब्रिसल्सच्या पुढेही साफ होतं हे प्रयोगशाळेतल्या भांड्यात थोडंफार दिसतं, तोंडात त्याच्या भरवशावर राहू नका. म्हणूनच स्वस्त ब्रशवर ‘४०,०००’, ‘४८,०००’ असे आकडे ठळक छापलेले दिसले तर त्याला भुलू नका. झटके किती, यापेक्षा झटका किती लांब जातो आणि दातावर टेकवल्यावर मोटर दम सोडते का, हे महत्त्वाचं, आणि ते खोक्यावर कुणी छापत नाही. दुकानात डेमो पीस असेल तर चालू करून हेड तळहातावर जरा टेकवा. आवाज एकदम खाली गेला आणि थरथर मंदावली तर तो ब्रश दातावरही तेच करणार.

ॲप, ब्लूटूथ, रंगीत डिस्प्ले, सात मोड यांवर मी पैसे घालवणार नाही. रोजच्या वापरात माणूस एका मोडवर येऊन थांबतो. ‘व्हाइटनिंग’ मोडने दात पांढरे होत नाहीत, चहाचे वरवरचे डाग जरा कमी होतात इतकंच. दोन मिनिटांचा टायमर आणि दर ३० सेकंदांनी हँडलमध्ये जाणवणारा इशाऱ्याचा झटका मात्र हवाच. तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला ३० सेकंद. टायमर नसताना दोन मिनिटं घासलं असं म्हणणारे बहुतेक जण मिनिटभरात चूळ भरून मोकळे होतात.

तुमच्या यजमानांसाठी टायमरपेक्षाही दाबाचा सेन्सर गरजेचा. दोन महिन्यांत ब्रश पिंजला जातो, म्हणजे ते दातांवर भार टाकतात. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, कठीण असतं, ते लगेच दाद देत नाही. पण हिरडी मागे सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं, त्याच्यावर इनॅमल नसतं. तिथे दाब आणि खरखरीत पेस्ट मिळून हिरडीलगत आडवी, पाचरीसारखी खाच पडते. थंड पाणी लागलं की सणक जाते ती तिथूनच. एकदा पडलेली खाच भरून येत नाही, फिलिंगच करावं लागतं. मुंबईत अशा खाचा मी सर्रास बघते, आणि गंमत म्हणजे त्या बहुतेक वेळा ‘मी दात अगदी स्वच्छ घासतो’ म्हणणाऱ्यांच्या तोंडात असतात.

किती दाब पुरतो, हे घरी मोजता येतं. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा काढा, त्यावर ब्रश नेहमी घासता तसा टेकवा आणि आकडा बघा. १५० ते २०० ग्रॅम पुष्कळ झाले. यजमानांना हे करायला लावा, ते बहुधा चारशेच्या वर जातील. सेन्सर नेमकं हेच काम करतो. दाब वाढला की काही मॉडेलमध्ये लाल दिवा लागतो, काहींत मोटरचा आवाज बदलतो आणि वेग कमी होतो. दिवा कुठे आहे ते बघून घ्या. हँडलच्या मागच्या बाजूला असलेला दिवा आरशात दिसत नाही. वर मानेला गोल पट्टीसारखा उजळणारा दिवा सगळ्यात सोयीचा.

रक्ताचं म्हणाल तर ते सहसा ब्रशमुळे येत नाही. हिरडीलगत थर साचतो, हिरडी सुजते आणि सुजलेली हिरडी हात लागताच रक्त देते. लोक घाबरून तिथे घासायचं सोडतात आणि सूज आणखी वाढते. नवा ब्रश आणल्यावर पहिले काही दिवस रक्त जरा जास्तही दिसेल. मऊ हेड, हलका हात ठेवून चालू ठेवा. एक-दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर समजा की थर आता कडक होऊन किटण झालाय. किटण कोणत्याही ब्रशने निघत नाही, त्याला दवाखान्यात खरवडून काढणं, म्हणजे स्केलिंगच लागतं. खाजगीत खर्च परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आहे, बऱ्याच कमी पैशांत काम होतं. फक्त सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायची तयारी ठेवा. आणि यजमानांचं वय चाळिशीपुढे असेल तर एकदा रक्तातली साखरही तपासून घ्या. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार हातात हात घालून येतात.

आता पैशांकडे. लोक हँडलची किंमत बघून ब्रश ठरवतात, खर्च मात्र हेडवर होतो. हेड दर तीन महिन्यांनी बदलायचं, ब्रिसल्स वाकल्या तर त्याआधी. म्हणजे माणशी वर्षाला चार. समजा एक हेड ४०० रुपयांना पडतं. चौघांची वर्षाला १६ हेड, ६,४०० रुपये. हँडल पाच वर्षं चाललं तर हेडवरच ३२,००० गेले. त्यापुढे हँडल तीन हजारांचं की सहाचं हा प्रश्न फुटकळ वाटायला लागतो. म्हणून ऑर्डर देण्याआधी त्या मॉडेलच्या हेडचं चारचं पाकीट शोधा, भाव बघा, आणि ते किमान दोन-तीन ठिकाणी मिळतंय का ते बघा. स्वस्त हँडल, महाग हेड, आणि वर्षभराने हेड मिळेनासं, हा प्रकार नवख्या ब्रँडमध्ये चालतो. हेड मिळालं नाही की माणूस जुनंच हेड आठ-आठ महिने वापरतो, आणि मग त्यापेक्षा तीस रुपयांचा साधा मऊ ब्रश बरा.

त्याच कंपनीची सगळी हेड एकमेकांत बसतात असंही नाही. ओरल-बीच्या नेहमीच्या गोल ब्रशची हेड आयओ मालिकेच्या हँडलवर बसत नाहीत, आयओची जुन्यावर बसत नाहीत. फिलिप्सच्या ‘वन’ या ब्रशची हेड सॉनिकेअरवर चालत नाहीत. खोक्यावर ‘कोणत्या मॉडेलसाठी’ हे वाचूनच घ्या.

आणि नकली हेड. ऑनलाइन निम्म्या भावात आठचं पाकीट दिसलं तर सावध व्हा. नकली हेड दांड्यावर चढवलं की जरा खुळखुळतं, हँडल आणि हेडमधली फट कमीजास्त असते, आतली धातूची पिन काही आठवड्यांत गंजते. भिंग असेल तर ब्रिसल्सची टोकं बघा. चांगल्या हेडची टोकं गोलसर घासलेली असतात, खराब हेडची तिरकी कापलेली, टोकदार. ती हिरडीला ओरबाडतात. ‘कम्पॅटिबल’ म्हणून विकली जाणारी सगळीच हेड वाईट नसतात, पण हिरड्यांचा त्रास असलेल्याने हा प्रयोग करू नये. २०१२ साली अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या औषध आणि उपकरण नियामक संस्थेने) सेलवर चालणाऱ्या एका ब्रशबद्दल इशारा दिला होता. वापरताना त्याचं डोकं सुटून तुकडे तोंडात जात होते. हेड अस्सल असो वा नसो, तोंडात घालण्याआधी एकदा हलकेच ओढून बघायची सवय लावा.

पेन्सिल सेलवर चालणारे ब्रश स्वस्त असतात. सेल नवा असतो तेव्हा बरे चालतात, उतरायला लागला की वेग मंदावतो आणि तो इतका हळूहळू मंदावतो की तुमच्या लक्षातही येत नाही. प्रवासापुरते ठीक, घरात रोजच्यासाठी चार्जिंगवालाच घ्या. चार्जिंगवाल्यांत लिथियम-आयन बॅटरी असलेला बघा. एका चार्जवर एका माणसाचे साधारण दोन आठवडे निघतात. खालच्या मॉडेलमध्ये निकेल बॅटरी असते, ती आठवडाभर पुरते आणि भरायला रात्र घेते.

हे मुंबईत का बघायचं, तर आपल्या घरांत बेसिनजवळ प्लग नसतो. बाथरूममध्ये असतो तो गीझरचा जाड पिनांचा पॉइंट, त्यात चार्जरची बारीक दोन पिनांची प्लग बसत नाही. अडॅप्टरचं शेपूट लावून ओल्या भिंतीवर चार्जर लटकवू नका. चार्जिंग बिनतारी असतं, ब्रश स्टँडवर ठेवला की झालं. तेव्हा स्टँड हॉलमध्ये टीव्हीजवळ ठेवा, रविवारी रात्री ब्रश त्यावर उभा करा, सोमवारी उचला. बॅटरी दोन आठवडे टिकत असेल तर ब्रश रोज स्टँडवर असायची गरज नाही. गणपतीला गावी जातानाही चार्जर सोबत न्यावा लागत नाही. फक्त ‘ट्रॅव्हल लॉक’ आहे का बघा. कोकणकन्येत मध्यरात्री वरच्या बर्थखालून बॅगेतला ब्रश घुंघुं करायला लागला की अख्खा डबा जागा होतो.

नणंदेकडून का मागवू नका, तेही यातच आलं. अमेरिकेत वीजपुरवठा १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३० चा. तिथे विकले जाणारे ओरल-बीचे बरेच चार्जर फक्त तिथल्याच व्होल्टेजचे असतात. इथे लावला की चार्जर जळतो. सॉनिकेअरचे बरेच चार्जर १०० ते २४० व्होल्ट चालणारे असतात आणि यूएसबीवर चालणारे तर कुठेही चालतात, पण ते चार्जरच्या बुडावरच्या बारीक अक्षरांत वाचूनच ठरवायचं. शिवाय इथे वॉरंटी मिळणार नाही. दोन वर्षांच्या वॉरंटीत हँडल बंद पडलं तर इथे घेतलेल्याचं बदलून मिळतं, ते न्यू जर्सीला कोण परत पाठवणार? हेडची पाकिटं आणायला हरकत नाही, तुमच्या इथल्या मॉडेलचं नाव मात्र नीट कळवा.

सासूबाईंकडे येते. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी ‘ब्रॉक्सोडेंट’ हा पहिला इलेक्ट्रिक ब्रश केला, तो थेट भिंतीतल्या प्लगवर चालायचा. तो मुळात ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी आणि दातांना तारा लावलेल्यांसाठी होता. तुमच्या घरात सगळ्यात जास्त फायदा होईल तो त्यांनाच. साध्या ब्रशची बारीक दांडी सुजलेल्या बोटांत धरवत नाही, इलेक्ट्रिकचं हँडल जाड असतं, मूठभर पकडता येतं. पण त्यांच्यासाठी निवडताना गुळगुळीत, चकचकीत हँडल नको. रबराची पकड असलेलं, वजनाला हलकं हवं. आणि बटण स्वतः त्यांना दाबायला द्या. काही ब्रशची बटणं इतकी कडक असतात की संधिवाताच्या अंगठ्याने ती दबतच नाहीत, आणि काहींत मोड बदलायला आणि बंद करायला एकच बटण तीन-चारदा दाबावं लागतं. एका दाबात चालू, एका दाबात बंद, असाच घ्या. त्यांना पेसमेकर असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा आणि चार्जर छातीजवळ धरू नका. कवळी असेल तर ती या ब्रशने पेस्ट लावून घासू नका, ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात. कवळीला साबणाचं पाणी आणि वेगळा मऊ ब्रश.

एक गोष्ट विचारायला जरा अवघड वाटते, पण विचारतेच. त्या पिढीतल्या पुष्कळ बायका मशेरी लावायच्या, काही अजूनही लावतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. तिने हिरड्यांचं आणि गालाच्या आतल्या कातडीचं जे होतं ते कुठल्याही ब्रशने सावरत नाही. सवय असेल तर आधी तोंड तपासून घ्या. लाल दंतमंजन, राखुंडी, मीठ हेही या ब्रशसोबत नको. ती खरखरीत असतात आणि दात झिजवतात. कोळशाच्या आणि ‘इन्स्टंट व्हाइट’ पेस्टही याच पंगतीत. साधी फ्लोराइडची पेस्ट वापरा. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड जास्तीत जास्त १,००० पीपीएम (दहा लाखांत हजार भाग) असायला परवानगी आहे आणि रोजच्यासाठी ते पुरतं.

मुलीच्या बाबतीत ब्रशपेक्षा जागा सांगते. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. दुधाचा दात पडून ती येत नाही, त्यामुळे आईवडिलांना वाटतं तीही दुधाचीच. तीच सगळ्यात आधी किडते, आणि ती जन्मभर पुरवायची असते. छोटं गोल हेड तिथपर्यंत जातं, साध्या ब्रशचं लांबट डोकं गालात अडकतं. ओरल-बीच्या साध्या गोल हँडलवर लहान मुलांचं मऊ हेड बसतं, वेगळं कार्टूनवालं हँडल घ्यायची गरज नाही. हलणारा दात असेल तर त्याला फक्त टेकवून पुढे जायचं. पेस्ट वाटाण्याएवढी. आणि रात्रीचं घासून झालं की त्या मागच्या दाढेवरून एकदा तुम्ही स्वतः ब्रश फिरवा. आठव्या वर्षी मुलांच्या हातावर सगळं सोडू नये.

तर तुमच्या घरात मी दोन हँडल घेईन. एक सेन्सरवालं गोल हेडचं मधलं मॉडेल, तुम्ही, यजमान आणि मुलगी मिळून. हेड प्रत्येकाचं वेगळं, बुडाला रंगीत रिंग असते तीवरून ओळखायचं. दुसऱ्याला देताना हँडल धुऊन पुसायचं. तिघं वापरणार म्हणजे दोन आठवड्यांची बॅटरी चार-पाच दिवस जाणार, हे धरून चाला. दुसरं हलक्या बटणाचं साधं हँडल सासूबाईंना. सकाळच्या लोकलच्या घाईत एका हँडलवर तिघांची रांग लागत असेल तर तिसरंही घ्या, पण आधी महिनाभर बघा कोण खरोखर वापरतंय.

वापरायचं कसं, हे खोक्यातल्या कागदावर चित्रांत असतं आणि कुणी वाचत नाही. पेस्ट हेडवर लावा, दातांना लावून थोडी पसरवा आणि हेड तोंडात गेल्यावरच बटण दाबा, नाहीतर आरसा आणि शर्ट दोन्ही रंगतात. बेसिनवर वाका, ओठ जवळजवळ मिटलेले ठेवा, फेस गळू द्या. हँडल मुठीत न धरता बोटांच्या टोकांत धरा, मग दाब आपोआप कमी होतो. सासूबाईंना मूठ चालेल. मग घासायचं नाही. हे पुन्हा सांगते, कारण इलेक्ट्रिक ब्रश हातात घेऊन वर पुन्हा हाताने घसाघसा करणारे दवाखान्यात रोज भेटतात. गोल हेड एका दातावर टेकवा, हिरडीच्या कडेला किंचित झुकवा, दाताच्या वळणावरून सावकाश फिरवा, पुढच्या दातावर न्या. सॉनिक असेल तर हिरडीकडे ४५ अंशांत तिरपा धरून हळूहळू सरकवा. २८ दातांना १२० सेकंद, म्हणजे एका दाताला जेमतेम चार सेकंद, त्यात बाहेरची बाजू, आतली बाजू आणि चावायचा भाग. सुरुवात रोज आतल्या बाजूने करा, कंटाळा येईपर्यंत अवघड भाग उरकलेला असतो. दाताच्या पाच बाजूंपैकी दोन शेजारच्या दाताला चिकटलेल्या असतात. तिथे कुठलाच ब्रश जात नाही, फ्लॉस (दातांमधून फिरवायचा दोरा) किंवा इंटरडेंटल ब्रश (फटीत घालायचा बारीक ब्रश) लागतो. पाण्याची धार मारणारा वॉटर फ्लॉसर हा फ्लॉसला पर्याय नाही, जोड आहे. तारा किंवा ब्रिज असेल तर उपयोगी.

काळजी फार लागत नाही. रोज हेड काढून दांडा आणि हेडची पोकळी दोन्ही नळाखाली धुवा आणि वेगवेगळे उभे सुकू द्या. मुंबईचं पाणी सात तलावांमधून येतं आणि मऊ असतं, त्यामुळे हेडखाली साचणारा पांढरा चिखल म्हणजे क्षार नव्हे, वाळलेली पेस्ट. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तिथे मात्र क्षार धरतात. पावसाळ्यात प्लॅस्टिकची टोपी लावून ठेवू नका, दोन आठवड्यांत आत काळी बुरशी धरते. हँडलमधली बॅटरी सहसा बदलता येत नाही. काही वर्षांनी चार्ज दोन दिवसही टिकेनासा झाला की हँडल संपलं. गरम व्हायला लागलं किंवा रबर फुगलं तर लगेच वापर थांबवा आणि चार्जला लावू नका. आत लिथियमची बॅटरी असते, म्हणून ते ओल्या-सुक्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या, सोसायटीत कुणी गोळा करत असेल तर तिथे.